रंगराव, दिलअफरोज आणि आम्ही मानकनगरवाले

पुस्तक लिहून एकदाचं हातावेगळं होतं, पण त्याचे किस्से काही हातावेगळे होत नाहीत. माझी पहिली कादंबरी ‘गोमतीपार’ आता दुकानात मिळत नाही. माझ्याकडेच एक प्रत उरलीय, तीही कोपरे दुमडलेली. पण कुठे चार मराठी माणसं जमली, चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, “ए, तो पुलाचा किस्सा सांग ना!” पुलाचा सांगितला की अत्तराचा आठवतो, अत्तराचा सांगितला की घोड्याचा. कादंबरीपेक्षा किस्सेच जास्त खपले, असं माझी मुलगी म्हणते. खरंच असेल.

तर मंडळी, आम्ही तेव्हा लखनौला होतो, मानकनगरच्या रेल्वे कॉलनीत. नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालेलं. माझे यजमान अरविंद रेल्वेत इंजिनिअर. मी मूळची मिरजेची, इतिहासात एम.ए. केलेली आणि पुढचं सगळं बदल्यांच्या सामानात कुठेतरी राहून गेलेलं.

एकदा वाचनात आलं, की कानपूरजवळ बिठूरला पेशव्यांच्या परिवाराबरोबर आलेली कितीतरी मराठी माणसं राहत होती. झालं! डोक्यात किडा वळवळायला लागला. त्यातला एखादा तरुण शिलेदार नवाबी लखनौला आला असेल, एखाद्या अत्तरवाल्याची मुलगी त्याला दिसली असेल, तर? शिलेदाराचं नाव ठेवलं रंगराव आणि मुलीचं दिलअफरोज. आणि डायनिंग टेबलावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत, मी लिहायला बसले.

* * *

अत्तरवाल्याची मुलगी म्हटल्यावर अत्तर कसं करतात ते कळायला हवं. म्हणून एक दिवस रिक्षा करून अमीनाबादला गेले. गल्लीतलं एक जुनं, अंधारं दुकान गाठलं. गादीवर एक वयस्कर मियाँजी बसलेले. मी सरळ वही उघडली आणि सुरू केलं. माल कुठून येतो? किती दिवस लागतात? गिऱ्हाईक कोण कोण? हे दुकान आजोबांच्या वेळी केवढं होतं?

मियाँजींचा चेहरा उतरत गेला. त्यांनी आधी पाणी मागवलं, मग चहा, मग हात जोडले.

“बहनजी, सच पूछिए तो धंधा बिल्कुल घाटे में है. बरसों से घाटे में है. अब्बा के जमाने से घाटे में है!”

मला काही कळेना. मग ट्यूब पेटली. बाईंच्या हातात वही, खांद्याला पर्स, बोलण्यात लखनवी वळण नाही. त्यांना मी इन्कमटॅक्सची वाटले होते!

“नहीं नहीं मियाँजी, मैं तो नॉव्हेल लिख रही हूँ.”

“नॉवेल?” ते ताडकन सरसावून बसले. मग काय! खस, केवडा, गुलाब, हिना, एकेक कुपी माझ्या मनगटावर, तळहातावर, पदरावर. कन्नौजहून बैलगाडीनं माल यायचा तेव्हाच्या गोष्टी, बेगमांच्या हवेलीत अत्तर घेऊन जाणाऱ्या बायकांच्या गोष्टी. मी लिहून लिहून थकले. घरी आले तर अरविंदना दारातच शिंका सुरू झाल्या, त्या रात्रीपर्यंत थांबल्या नाहीत.

दुकानातून निघताना मी मियाँजींना विचारलं होतं, “तो फिर घाटे का क्या लिखूँ?”

“तौबा! वो तो इन्कमटॅक्सवालों के लिए है. नॉवेल में लिखिए, दुकान खूब चलती थी!”

* * *

अरविंदना कादंबऱ्यांचं वावडं. तरी पहिली प्रकरणं मी त्यांना वाचायला दिली. त्यांनी रविवारी सकाळी, हातात पेन्सिल घेऊन, ड्रॉइंग तपासावं तशी ती वाचली आणि म्हणाले, “अगं, तुझा रंगराव सकाळी बिठूरहून निघतो आणि दुपारच्या जेवणाला लखनौला? मेल आहे का तो?”

“अहो, घोड्यावर आहे.”

“तेच म्हणतोय. मध्ये गंगा आहे. घोडा नावेत चढवला, उतरवला, त्याला वेळ लागला असेल की नाही? त्याला पाणी कुठे पाजलं? चारा?”

मी वैतागले. म्हटलं, “एवढं काय त्यात! प्रेमात आहे तो!”

“तो आहे,” अरविंद पेन्सिल खाली ठेवत म्हणाले, “घोडा नाही ना!”

त्या प्रकरणात मी एक मुक्काम घातला. उन्नावच्या अलीकडे, विहिरीपाशी, चिंचेखाली. पुढे पुस्तक आल्यावर वाचकांना सर्वांत जास्त काय आवडलं असेल? तो मुक्काम! रंगराव एकटा बसून घोड्याशी बोलतो तो. अरविंदनी ते ऐकून फक्त मान हलवली. जणू म्हणत होते, इंजिनिअरिंग!

* * *

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये शाहिदा आपा राहायच्या. त्यांचे मियाँ रेल्वेत आणि त्या स्वतः कॉलेजात उर्दू शिकवायच्या. मराठी त्यांना येत नव्हतं, पण दिलअफरोजची पूर्ण जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली होती. ती काय नेसेल, कशी बसेल, रागावली तर कुठे बघेल, सगळं आपा सांगणार.

एकदा मी रंगराव आणि दिलअफरोजच्या भांडणाचा प्रसंग हिंदीत करून सांगत होते. दिलअफरोज संतापून म्हणते, “तुम निकल जाओ यहाँ से!”

आपांनी कपाळाला हात लावला. “तुम? लखनऊ की लडकी और तुम? भाभी, वो जान दे देगी, तुम नहीं कहेगी.”

“पण आपा, चिडलीय ती!”

“तो चिढकर आप कहेगी. ‘आप निहायत बदतमीज हैं, तशरीफ ले जाइए.’ ”

मी मराठीत तसं लिहिलं. आता पंचाईत रंगरावाची झाली. मराठी प्रियकर प्रेमात पडला की ‘तू’च म्हणणार. आम्हा लोकांत ‘तू’ म्हणजे जवळीक. त्यानं ‘तुम्ही, तुम्ही’ केलं तर तो प्रियकर वाटणार नाही, तलाठी वाटेल! मी आपांना हे समजावलं. त्या म्हणाल्या, “अच्छा, वो ‘तू’ कहता है और ये ‘आप’ कहती है. और दोनों को लगता है कि सामनेवाला प्यार नहीं करता?”

अख्ख्या कादंबरीचा पेच त्यांनी एका वाक्यात सोडवून दिला होता! त्यानंतरची शंभर पानं मी त्या एका वाक्यावर लिहिली. पहिली प्रत द्यायला गेले तेव्हा आपांना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, “शुक्रिया. मगर आप मुझे अब भी ‘आप’ कहती हैं, कभी ‘तू’ कहकर देखिए!” एवढं धाडस माझ्यानं आजवर झालेलं नाही.

* * *

आमचं मराठी बायकांचं एक मंडळ होतं. कुणी बँकवाल्यांच्या घरची, कुणी कॅन्टोन्मेंटमधली, कुणी आमच्या कॉलनीतली. थंडीत सगळ्या मेजर शिंद्यांच्या लॉनवर उन्हात बसायचो. समोर मटारांचा ढीग, बायका मटार सोलणार आणि मी नवं प्रकरण वाचणार, असा रिवाजच पडला होता.

एकदा चकमकीचं प्रकरण चाललं होतं. रंगराव आणि त्याचे साथीदार दरोडेखोरांच्या वेढ्यात सापडतात, असं होतं ते. तेवढ्यात मेजरसाहेब जेवायला घरी आले. दोन मिनिटं उभ्यानं ऐकलं आणि म्हणाले, “वहिनी, थांबा, थांबा. शत्रू कुठल्या दिशेला?”

त्यांनी टेबलावरची ताटं बाजूला सारली. मटाराचे दाणे मांडले. शेंगांची टरफलं म्हणजे टेकडी, चमचा म्हणजे नदी. रंगराव म्हणून एक मोठा टपोरा दाणा मधोमध ठेवला. मग दोन्ही बाजूंनी दाणे सरकवत आणले, बोटानं तो टपोरा दाणा दाबून चपटा केला आणि म्हणाले, “इथे तो मरतो.”

शिंदेवहिनी किंचाळल्या, “अहो, मरतो काय! अजून अर्धी कादंबरी बाकी आहे!”

“पोझिशनच तशी आहे, माझा नाइलाज आहे.”

सगळ्या बायका मेजरसाहेबांवर तुटून पडल्या. कुणी म्हणे अंधार पाडा, कुणी म्हणे पाऊस पाडा. जानकीपुरमच्या कुलकर्णीकाकू तर गयावया करायला लागल्या, “साहेब, बघा ना काहीतरी, इतका चांगला मुलगा आहे!”

मेजरसाहेब जेवण विसरून विचार करत राहिले. शेवटी एक नवा टपोरा दाणा घेतला, टरफलांच्या मागून, एका ओघळीतून हळूच फिरवून आणला आणि चमच्यापलीकडे ठेवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पुस्तकात रंगराव त्या ओघळीतूनच निसटतो. त्या दिवशी मेजरसाहेबांकडे मटारपुलाव होता. शिंदेवहिनींनी तो टपोरा दाणा मात्र पुलावात टाकू दिला नाही!

* * *

हसण्यावारी सांगतेय, पण एक काळ फार वाईट गेला. कादंबरी पुरी झाली आणि दोन प्रकाशकांकडून परत आली. एकांनी लिहिलं होतं, की ऐतिहासिक म्हणजे गड, किल्ले, तलवारी हव्यात. लखनौची प्रेमकथा मराठीत कोण वाचणार? दुसऱ्यांनी तर काहीच लिहिलं नव्हतं, गठ्ठ्याची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. ती न सुटलेली गाठ पाहून मला जे रडू आलं, ते पहिल्या नकारानंही आलं नव्हतं. मी गठ्ठा दिवाणाखाली ढकलला आणि महिनाभर मंडळात गेले नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, केतकीची परीक्षा आहे. केतकी, माझी मुलगी, तेव्हा आठवीत. ती म्हणायची, “मम्मी, मेरी तो छुट्टियाँ चल रही हैं!”

तिसऱ्या प्रकाशकांना तो गठ्ठा अरविंदनी पाठवला. मला न सांगता. पुण्याचे ते प्रकाशक, आपण त्यांना दादासाहेब म्हणू, त्यांचं एक कार्ड आलं, ‘फोन करा.’ एवढंच!

एसटीडीसाठी कॉलनीबाहेर तिवारीजींचा बूथ. लाइन इतकी खराब, की ओरडल्याशिवाय पुण्याला ऐकू जायचं नाही. बाहेर माणसं ताटकळलेली आणि मी काचेच्या खोक्यात बोंबलतेय.

“हो, हो! मुलगी मुसलमान आहे! मुलगा मराठा! नाही, धर्म कुणीच बदलत नाही! प्रेम आहे हो त्यांचं! काय? घरच्यांचा विरोध? आहे ना! खूप विरोध आहे!”

तिवारीजींना मराठी येत नव्हतं, पण मुसलमान, मराठा, धर्म, प्रेम, विरोध, एवढे शब्द त्यांना पुरे होते. ते दार उघडून आत आले आणि गंभीर आवाजात म्हणाले, “बहनजी, बीच में बोलना नहीं चाहिए, पर मान जाइए. बच्चों की खुशी देखिए.”

मी हातानं त्यांना थांबवत होते, ते थांबेनात.

“लडका करता क्या है?”

गडबडीत माझ्या तोंडून गेलं, “घुडसवार है!”

“फौज में है? अरे, फिर तो सोचना ही क्या!”

तिकडून दादासाहेब ओरडले, “कोण बोलतंय मध्ये?”

काय सांगणार? म्हटलं, “वाचक आहे!”

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, विरोध सोडा, हो म्हणा!”

दादासाहेबांचं हसू पुण्याहून लखनौपर्यंत स्पष्ट ऐकू आलं. “बरं, मग म्हटलं हो!”

मी बूथबाहेर आले ती डोळे पुसत. रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते. तिवारीजींनी विचारलं, “हो गया पक्का?” मी मान हलवली. त्यांनी बूथला कुलूप लावलं, समोरून जिलेबी आणली आणि आधी मला, मग रांगेतल्या एकेकाला वाटली!

* * *

मुखपृष्ठाचं थोडक्यात सांगते. दादासाहेबांचे चित्रकार मालवणचे. लखनौ त्यांनी पाहिलेलं नव्हतं. छापलेलं मुखपृष्ठ टपालानं आलं. रंगराव छान, दिलअफरोज त्याहून छान, मागे गोमती, आणि गोमतीच्या दोन्ही काठांवर झुलणारे नारळाचे माड!

शाहिदा आपांनी चष्मा लावून नीट पाहिलं. “भाभी, ये गोमती है या गोवा?”

मी दादासाहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “चित्रकाराला विचारलं मी. तो म्हणतो, माडाशिवाय नदी बरी दिसत नाही.”

* * *

पुस्तकाचं प्रकाशन गणेशोत्सवात, मराठी मंडळाच्या छोट्याशा हॉलमध्ये ठेवलं. पाहुणे म्हणून रेल्वेतलेच एक मोठे साहेब बोलावले होते. भले गृहस्थ, मराठी अजिबात न येणारे. पुस्तक त्यांना आदल्या दिवशी पोचवलं होतं. पण वाचणार कसं? नाव तेवढं वाचलं. लेखिका कोण, तर रेल्वेच्या इंजिनिअरची पत्नी. एवढ्यावरून त्यांनी जो अंदाज बांधला तो भाषणात बाहेर आला.

“गोमती पार! ये एक बहुत जरूरी विषय है. गोमती के पुलों पर ट्रॅफिक का दबाव बढता जा रहा है. श्रीमतीजी ने घर सँभालते हुए जो टेक्निकल अध्ययन किया है, उससे आनेवाले पुलों की मजबूती में जरूर फायदा होगा!”

कुलकर्णीकाकूंनी तोंडात पदर कोंबला. मेजरसाहेब छताकडे बघायला लागले. मला हसावं की जमिनीत गडप व्हावं कळेना. आयुष्यातलं पहिलं पुस्तक, गळ्यात हार, आणि हे!

अरविंद माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “कादंबरीत पूल आहे का गं?”

“आहे. होड्या जोडून केलेला.”

“मग काही चुकीचं बोलले नाहीत ते,” असं म्हणून त्यांनी सर्वांत आधी टाळ्या सुरू केल्या.

* * *

केतकीला घरातलं मराठी समजायचं, पण उत्तर ती हिंदीत द्यायची. माझं पुस्तक ती वाचेल अशी मला आशाच नव्हती. पण प्रकाशनानंतर काही आठवड्यांनी तिच्या वर्गातल्या पाच-सहा मुली घरी आल्या आणि दारातच विचारायला लागल्या, “आंटी, दिलअफरोज के भाई का क्या हुआ? वो जेल से छूटा कि नहीं?”

मी म्हटलं, “कसला भाऊ? तिला भाऊच नाहीये!”

केतकी स्वयंपाकघरात पळाली. मागून कळलं, स्कूलबसमध्ये ती रोज चार पानं वाचायची आणि हिंदी करून मैत्रिणींना सांगायची. भाऊ तिनं स्वतःच घातला होता.

“का गं?”

“मम्मी, बीच में थोडा बोअर हो रहा था.”

खरं सांगते, राग आलाच नाही. पोरगी रोज चार पानं मराठी वाचत होती!

* * *

आता हा शेवटचा.

मंडळाच्या वाचनालयात, म्हणजे एका कपाटात, ‘गोमतीपार’ची एक प्रत होती. ती नेली बँकेतून निवृत्त झालेल्या जोगळेकरांनी. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा अमेरिकेत, स्वभाव तिखट. पुढच्या रविवारी ते स्कूटरवरून थेट आमच्या घरी हजर.

“बाई, शेवट साफ चुकलाय तुमचा. रंगराव परत जातो आणि ती नदीच्या पलीकडे उभी राहून बघते? कशाला? त्यानं नदी ओलांडायला हवी होती!”

त्या वेळी आमच्याकडे प्रधानबाई बसल्या होत्या. शाळेत गणित शिकवून त्याही नुकत्याच निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं, कुणी त्याबद्दल विचारलेलं चालतही नसे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“त्यानंच का ओलांडायची? तिला काय पाय नव्हते?”

“अहो, त्या काळात बाई एकटी नदी ओलांडेल?”

“तुम्ही पुस्तक वाचलंय का नीट? ती नाव वल्हवते, तिसऱ्या प्रकरणात!”

“ती हौसेनं वल्हवते!”

“मग प्रेमासाठी वल्हवायला काय हरकत होती?”

मी म्हटलं, “अहो, पण मी लेखिका…” माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. तासभर दोघं भांडले. मी दोनदा चहा केला. निघताना जोगळेकर म्हणाले, “तुमचं घर माझ्या वाटेवर आहे, सोडतो.” प्रधानबाई म्हणाल्या, “वाटेवर नाहीये, पण सोडा.”

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग ते भांडायला आमच्याकडे येईनासे झाले. कुलकर्णीकाकूंना ते रेसिडेन्सीच्या बागेत बाकावर बसलेले दिसले. मध्ये पुस्तक होतं आणि वाद जोरात चालला होता म्हणे.

हिवाळ्याच्या अखेरीला एक दिवस दोघं आले. जोगळेकरांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. प्रधानबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “रजिस्टर करतोय. साक्षीदार म्हणून तुम्ही दोघं याल का?”

गेलो. कचेरीच्या बाकांवर लग्नाची गर्दी. वीस-बावीस वर्षांच्या मुली, झिरमिळ्यांच्या साड्या, मागे काका, मामा, आत्या. त्यात हे आमचे साठीला टेकलेले नवरा-नवरी, आणि अरविंद आणि मी. प्रधानबाईंची पर्स जोगळेकरांनी धरली होती.

नाव पुकारलं. कारकुनानं आधी नवरदेवाकडे पाहिलं, मग नवरीकडे, मग आमच्याकडे, आणि त्याच ठरलेल्या सुरात विचारलं, “आप लोग लडकीवाले हैं या लडकेवाले?”

मी अरविंदकडे पाहिलं. त्यांनी चष्मा सारखा केला, कोट ओढून नीट केला आणि म्हणाले,

“जी, हम किताबवाले हैं.”